राणीचं बियाणं

नानाजी सोमवारी वारले.

खांदा द्यायला जमलेल्या निम्म्या लोकांच्या मिशीचा केस नानाजींनी कधी ना कधी चिमटीत धरून ओढला होता. दिग्रसच्या जिनिंगमध्ये ते कापसाची प्रत ठरवायचे. बोटांनी रुई ओढून धागा किती लांब, ते सांगायचे. नानाजी निवृत्त झाले, बोटं झाली नाहीत. मिशी, बैलाची शेपटी, माझ्या बायकोची लोकर, सगळ्याचा धागा पाहत आणि शेवटी मला म्हणत, "धागा जाऊ द्या मास्तर, बियाणं पाहा, बियाणं!"

ती वर्षंच तशी होती. दर हंगामात कुणाचं तरी कपाशीचं बियाणं बोगस निघायचं. नानाजींनी ते सगळीकडे लावलं. एसटी बंद पडली, बियाणं बोगस. जावई चहात पापड बुडवून खातो, बियाणं बोगस.

मग भाच्यानं दिलेली त्यांची लॅब्राडोर कुत्री, राणी, संध्याकाळी दाराच्या चौकटीवर आपटू लागली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हा दोष आईबापांकडून येतो. आधी अंधारात दिसेनासं होतं. गालाच्या आतली लाळ पाठवा, जनुकांची तपासणी होते."

नानाजी खूश. "म्हणजे कुत्र्याचं बियाणं तपासते! अन् आपली सरकी कोणी तपासत नाही."

प्रयोगशाळेतून कापूस लावलेल्या काड्या आल्या. नानाजींनी तो कापूस ओढून पाहिला आणि फेकला. "कवडी माल हाय हा. याच्यानं काय निकाल लागते?" मग बोट जिभेला लावत घरची रुई काडीला घट्ट वळली, राणीच्या गालात फिरवली आणि पाठवली.

काही दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. मी तिथंच होतो.

"आजोबा, नमुन्यात माणसाचीही लाळ आहे."

"असंन. माही हाय."

"मग तो बाद. नवा पाठवा."

"बाद कायले करता? दोघाईचाही निकाल सांगून टाका."

"आम्ही माणसांचं तपासत नाही."

"राणीचं पाह्यता, माहं काहून नाही?"

मी हसलो. नानाजी हसले नाहीत.

नव्या नमुन्यात दोष निघाला, राणीच्या आई आणि बाप दोघांकडून आलेला. आता ते 'दोन्ही बोगस' म्हणणार, म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, "मास्तर, दिवेलागणीले मलेही दिसत नाही. माह्या बापाचं असंच झालतं. पोरीले तर नाही ना देलं म्या?"

तिला सरळ विचारायची छाती नव्हती. दर रविवारी पांढरकवड्याला फोन लावून ते मुलीला विचारत, "सुमन, अंधारात, दिवा न लावता चपला सापडते का तुले?"

"सापडते बाबा. काहून, तुमच्या हरपल्या का?"

"तसंच विचारून राह्यलो."

संध्याकाळी ते राणीला घेऊन गल्लीतून निघत. "पायरी आली, राणी. आता नाली. आता मास्तरचं फाटक." लोक म्हणत, म्हातारा कुत्रीले भूगोल शिकवून राह्यला. तो भूगोल दोघंही पाठ करत होते, हे फक्त मला माहीत होतं.

तेराव्याला संध्याकाळी लाईन गेली. आम्ही सगळे बसल्या जागी चाचपडत राहिलो. सुमन उठली, भांड्यांमधून वाट काढत आत गेली आणि मेणबत्ती घेऊन आली.

राणीला आता दिवसाही दिसत नाही. ती आमच्याकडे असते.