दोन न म्हणणारे बापूशास्त्री

'दोन' हा शब्द तोंडातून न काढता तुम्ही एक दिवस तरी राहून दाखवाल का? पंचवटीतले आमचे शेजारी बापूशास्त्री तसे वर्षानुवर्षे राहत आले होते. घड्याळात दोनाचे टोले पडले की ते म्हणत, "एक वाजून तास झाला." आंबे मोजताना, "एक, पुन्हा एक, तीन." ब्रह्माहून दुसरं काही नाहीच, मग दोन आणायचे कुठून, हा त्यांचा सवाल.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, भाजी विकणारी सखू त्यांना मुद्दाम छळी.

"मेथीची एक जुडी दे. आणि एक दे."

"दोन म्हना की बुवा! जीभ झडंल का?"

"अगं, दुसरं असेल तर दोन म्हणू! हे दिसतं ते सगळं एकच."

"मंग येकच न्या," असं म्हणून तिनं एक जुडी पाटीत परत टाकली. आणि बुवा खरोखरच एक जुडी घेऊन घरी गेले!

रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर वेदान्ताचं प्रवचन चाले. मी तिथं भांडायलाच जाई.

"सगळं एकच, तर घाटावर काही जातींना पाण्याला शिवायची बंदी का?"

"तो व्यवहार रे. परमार्थात भेद नाही."

'व्यवहार' हे त्यांचं मागचं दार. अडचण आली की तिथून निसटायचे. शेवटी मी चिडून पत्रक छापलं, 'ब्रह्म एक, पाणवठे दोन!' शास्त्रीबुवांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "मजकूर बरा आहे. मथळ्यात एक शब्द चुकला."

मी थक्क झालो. पण खरा धक्का पुढेच होता.

त्यांची एकुलती मुलगी यमू, लहानपणीच आईवेगळी झालेली. नांदगावला दिली होती. नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परतली. एका सकाळी प्रवचन रंगात असताना तिचे सासरे न्हाव्याला घेऊन ओसरीवर चढले. सतरा वर्षांच्या पोरीचं डोकं भादरायला! भर नाशकात, या काळात! आणि श्रोते? त्यांनी सरकून न्हाव्याला जागा करून दिली!

"शास्त्रीबुवा," सासरे म्हणाले, "देह मिथ्या, हे तुमचंच ना? मग केसांचा कसला मोह? आणि व्यवहार म्हणाल, तर रीत ही आहेच."

पुढचं दार आणि मागचं दार, व्याह्यांनी एकदमच लावून घेतलं. यमू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर घट्ट धरून उभी होती.

"हिची आई गेली तेव्हा मला वेणी घालता येत नव्हती," शास्त्रीबुवा कुणाकडेही न बघता म्हणाले. "एक घातली की सैल पडायची. शाळेत पोरी हसायच्या. मग मी..." ते अडखळले. ओठ हलले, शब्द येईना. "दोन घालायचो. दोन वेण्या. रोज." मग एकदम आवाज चढला. "व्याही, तिच्या केसांना कोणी हात लावायचा नाही!"

ओसरी हादरली. पण कशानं, ऐका! "शास्त्री दोन म्हणाले!" कोणीतरी पुटपुटलं. सगळ्यांच्या आधी उठला तो न्हावी. धोकटी काखेत मारून तो मुकाट्यानं पायऱ्या उतरला.

त्या दिवसापासून श्रोते येईनासे झाले. कोणी म्हणतं धर्म बुडवला, कोणी म्हणतं अद्वैत बुडवलं. शास्त्रीबुवा मात्र रोज सतरंजी अंथरतात, 'श्रोतेहो' म्हणून सुरुवात करतात. समोर यमू आणि मी. घाटाचा प्रश्न मी अजून विचारतो. ते अजून 'व्यवहार' म्हणतात, पण आता मान खाली घालून. आणि बोलताना त्यांची नजर सारखी रस्त्याकडे जाते.

वाचकहो, उद्या सकाळी त्या ओसरीवर येऊन बसा. एकटे येऊ नका. आई, बहीण, बायको, कोणालातरी बरोबर आणा. "किती जण आलात?" असं ते विचारतील. मोठ्यानं सांगा, "दोन."