आबा कोरगावकरांचा टपालनाका

आबा कोरगावकर यांस ई-मेल पाठवावयाचा असेल, तर त्याची रीत अशी आहे. प्रथम ई-मेल पाठवावा. नंतर आबांच्या फोनची वाट पाहावी. आबा फोन करून विचारतात की, सदरहू पत्र आपणच पाठविले काय, कोठून पाठविले, आणि त्याच्या पोटात काय आहे. आपण सर्व मजकूर तोंडी सांगावा. सांगून झाल्यावर पत्रात वाचण्यासारखे काही उरत नाही. तरीही आबा ते उघडतात आणि सांगितल्याबरहुकूम आहे की नाही हे पडताळून पाहतात. तफावत आढळल्यास दुसरा फोन येतो.

मी त्यांचा शेजारी. मालवणात तहसील कचेरीच्या आवारात मी अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शालेय शिक्षण लवकर आटोपले, परंतु ज्यांचे लांबले त्यांचेही अर्ज मीच लिहितो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आबांविषयी येथे जे निवेदन करीत आहे ते समक्ष पाहिलेले आहे. ऐकीव असेल तेथे तसे नमूद करीन.

आबांची सारी नोकरी खारेपाटणच्या तपासणी नाक्यावर गेली. तेथे आपला जिल्हा संपतो, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीस थांबून आपल्या मालाचा परवाना दाखवावा लागतो. आबांचे प्रश्न ठरलेले होते. "कोण तू? खंयसून इलंस? पोटात काय आसा?" उत्तर काहीही आले तरी पुढचे वाक्य एकच असे : "ताडपत्री सोड." एखादा ड्रायव्हर म्हणालाच की, माल दुसऱ्याने भरला, मला काही ठाऊक नाही, तर आबा त्याच्याकडे न पाहता म्हणत, "गाडी जेची, माल तेचो." या वाक्यावर अपील नव्हते.

निवृत्तीनंतर नाका सुटला. सवय सुटली नाही. दारी येणाऱ्या मासळीवालीलाही ते विचारीत, "पाटयेत काय आसा?"

"बांगडे."

"आणि खाली?"

"खाली माजा मडा आसा. बघतास?"

आबांनी पाटी उपसून पाहिली. बांगडेच होते.

अशा गृहस्थाच्या घरी संगणक आला. त्यांची मुलगी शुभा मुंबईस असते. तिने नवा घेतला आणि जुना वडिलांना धाडला, हेतू हा की नातवंडांची खुशाली कळावी. कणकवलीहून सावंत नावाचे संगणकवाले तो जोडून द्यावयास आले. विजेचे बटण दाबण्यापूर्वी आबांनी त्यांचा हात धरला. आमच्याकडे कोणतेही नवे काम देवाला गाऱ्हाणे घातल्याखेरीज सुरू होत नाही. आबांनी यंत्रापुढे नारळ ठेवला, डोक्यावर टोपी घातली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान मुंबयसून ह्या यंत्र धाडल्यान हा..."

"व्हय म्हाराजा," आबांच्या पत्नी सुशीलाकाकी आणि मी म्हणालो.

"ह्येच्यावर खंयचो वायट वारो, कोणाची वाकडी नजर, तारेतसून येवा नायतर फ्लॉपीतसून येवा, येत आसात तर ती वेशीच्या भायर कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आता सावंतही म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात मनापासूनचा भाव होता. त्यांच्या धंद्यात असे कोणी आधी मागून घेत नाही.

नंतर सावंतांनी यंत्रात व्हायरस अडविणारी व्यवस्था बसविली आणि ती आठवड्याच्या आठवड्याला ताजी कशी करावयाची तेही दाखविले. "ह्यो तुमचो शिपाय," ते म्हणाले. "वायट काय इला तर ह्यो अडवतलो."

"शिपायांचा माका सांगा नुको," आबा म्हणाले. "शिपाय चाय पिऊक गेलो काय गाडी पास."

म्हणून शिपाई असूनही आबा स्वतः बसू लागले. खुर्ची त्यांनी यंत्राच्या समोर न ठेवता बाजूस ठेवली. नाक्यावर गाडीच्या समोर उभे राहावयाचे नसते, बाजूस राहावयाचे असते; अंगावर आली तर निघता येते. काम संपले की यंत्रावर ताडपत्री घालून ते तिला नाक्यावरची गाठ मारीत.

आबा खरोखर हादरले ते पत्तेवहीच्या गोष्टीने. यंत्रात एक वही असते, तीत आपल्या माणसांचे पत्ते लिहून ठेवता येतात, असे सावंतांनी सांगितले आणि लगेच इशाराही दिला.

"आबानु, व्हायरस घरात शिरलो काय आदी ही वही सोदता. तेच्यात जितकी नावां, तितक्यांका तुमच्या नावान पत्र धाडता. पत्रात परत तोच."

"माझ्या नावान?"

"तुमच्याच."

आबांनी पाणी मागितले. उभ्या आयुष्यात ज्याच्या नावावर एक गाडी चुकून सुटली नाही, त्याच्या नावाने परभारे माल जाणार, ही कल्पना त्यांना सोसण्यासारखी नव्हती. त्यांनी वही कोरी ठेवली. सर्व पत्ते व फोनचे नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगास खडूने लिहिले आणि कपाटाला कुलूप घातले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नियमावली लिहावयास बोलाविले. ती मी ताव भरून लिहिली व ती आजही यंत्राच्या वर भिंतीवर आहे. अनोळखी इसमाकडून आलेले पत्र न उघडता नष्ट करण्यात यावे. ओळखीच्या इसमाच्या पत्रास जोडपत्र असल्यास सदर इसमाकडे खातरजमा केल्याखेरीज ते उघडण्यात येऊ नये. बाहेरची फ्लॉपी तपासणीविना आत घालण्यात येऊ नये. पत्तेवहीत कोणाही इसमाचे नाव लिहिण्यात येऊ नये. शेवटचे कलम सावंतांच्या आग्रहावरून घातले : ज्याच्याकडून लागण आली, त्यास तत्काळ कळविण्यात यावे.

त्या कलमाला आबांची हरकत होती. "कळवूचा कित्याक? चोराक सांगूचा, तुझी चोरी गावली म्हणान?"

"तो चोर नसता हो आबानु," मी म्हणालो.

"गाडी जेची, माल तेचो."

तरीही कलम राहिले, कारण मी ते शाईने लिहिले होते.

या नियमांचा पहिला प्रयोग शुभावर झाला. दिवाळीनंतर तिने नातवंडांची छायाचित्रे पाठविली. आबांनी तिच्या कचेरीत फोन लावला. मी शेजारीच होतो, आणि फोन जुना असल्याने पलीकडचेही ऐकू येत होते.

"शुभा, तुझा एक पत्र इलासा. तूच धाडलंस?"

"व्हय बाबा. फोटो आसत."

"कोणाचे?"

"पोरांचे. आणि कोणाचे धाडू?"

"मनूच्या अंगार काय आसा?"

"पिवळो फ्रॉक. बाबा, माझो सायब बघता हा. उघडा आणि बघा ना!"

आबांनी उघडून पाहिले. फ्रॉक पिवळा होता. परंतु मनूच्या हातात फुलबाजी होती आणि तिचा उल्लेख शुभाच्या सांगण्यात आलेला नव्हता. दुसरा फोन गेला.

आता दिगूविषयी सांगितले पाहिजे. दिगंबर हा शुभाचा धाकटा भाऊ. आबा नोकरीत असताना त्याने एक टेम्पो घेतला होता आणि तो लोकांचे आंबे वाहून नेई. पुढील हकीकत ऐकीव आहे, तथापि पंचनामा मी स्वतः वाचला आहे. एके सकाळी दिगूचा टेम्पो खारेपाटणच्या नाक्यावर आला. आबांनी त्याला इतर गाड्यांसारखेच तिन्ही प्रश्न विचारले आणि ताडपत्री सोडावयास लावली. आंब्याच्या पेट्यांखाली चोरट्या तोडीचे खैराचे ओंडके निघाले.

"बाबा, माका म्हायत नाय," दिगू म्हणाला. "माल बागवाल्यान भरल्यान. मी हाटेलात चाय पी होतंय."

"गाडी जेची, माल तेचो," आबा म्हणाले आणि पंचनाम्यास बसले. पंचनाम्याची भाषा निर्दोष आहे.

टेम्पो जप्तीत गेला. प्रकरण बरेच दिवस चालले आणि ते संपल्यावर दिगू मस्कतला निघून गेला. तो बहिणीला फोन करतो, तिच्याकडून आईची चौकशी करतो. वडिलांचे नाव काढीत नाही. घरात त्याचा विषय निघाला की आबा उठत आणि ताडपत्रीची गाठ सोडून पुन्हा बांधीत. शुभाने वडिलांचा ई-मेलचा पत्ता त्याला कळविला होता. त्याने तो लिहून घेतला की कानाआड केला, हे तिलाही ठाऊक नव्हते.

एके रविवारी सुशीलाकाकींनी दोन घरांमधल्या गडग्यावरून हाक मारली. "गुरू, जरा ये रे. हे यंत्रासमोर बसलेहत."

"बाजूक?"

"नाय रे. समोर."

मी तसाच गेलो. आबा खरोखरच समोर बसले होते. पडद्यावर एक पत्र आलेले दिसत होते, न उघडलेले. पाठविणाराचे नाव दिगंबर कोरगावकर. विषय इंग्रजीत होता. त्याचा अर्थ 'तू मागितलेला कागद' असा होत होता. सोबत जोडपत्र.

"सकाळपासून असेच बसलेहत," काकी म्हणाल्या. "चाय थंड झाली."

"मी काय मागलंय तेच्याकडे?" आबा म्हणाले. "मी कायव मागूक नाय."

"उघडा मरे एकदाचा! जळला तर जळांदे ता यंत्र. माझ्या झिलाचा पत्र आसा."

आबांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या नियमावलीकडे. खातरजमा करावयाची तर दिगूलाच फोन करावयास हवा होता. त्यांचा हात माऊसकडे गेला. मी आबांना इतकी वर्षे ओळखतो. परवाना न पाहता गाडी सोडण्याच्या बेतात त्यांना प्रथमच पाहत होतो. मी तो हात बाजूला केला आणि सावंतांना फोन लावून रिसीव्हर त्यांच्या हाती दिला.

आबांनी नाव, विषय, जोडपत्र, सर्व सांगितले.

"उघडा नुको!" सावंतांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "व्हायरस आसा तो. कणकवलेक दोघांकडे असोच इलो."

"म्हणजे ह्या दिगून धाडूक नाय?"

"नाय आबानु. तेंच्या यंत्राक लागण झाली. पत्तेवहयेत जितकी नावां, तितक्यांका आपसूक गेला."

काकी खाली बसल्या.

"वहयेत नाव नसला तर?" आबांनी विचारले.

"तर जायत कसा?"

"आणि दिगूक ह्या म्हायत आसतला?"

"तेका खंय म्हायत? माल दुसऱ्याचो, नाव तेचा. तेचो काय दोष तेच्यात?"

आबांनी फोन ठेवला.

"म्हणजे माझ्या झिलान लिवक नाय," काकी म्हणाल्या.

"नाय," आबा म्हणाले. "पण माझा नाव लिवन ठेवल्यान हा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरू, शेवटचा कलम वाच."

मी वाचले. ज्याच्याकडून लागण आली, त्यास तत्काळ कळविण्यात यावे.

"तत्काळ म्हणजे?"

"विनाविलंब."

आबांनी शर्ट घातला. काकींनी काही न विचारता पायात वहाणा घातल्या. घरच्या फोनवरून परदेशी बोलण्याची सोय नव्हती. बाजारातल्या बूथवर जाणे भाग होते. मी दिगूच्या नंबरासाठी कपाटाची किल्ली मागितली.

"ऱ्हांवदे," आबा म्हणाले. "पाठ आसा."

बूथची काचेची खोली एकाच माणसापुरती होती आणि तिचे दार लागत नसे. काकी आणि मी बाहेर उभे राहिलो.

"हॅलो. मी बोलतंय... मी. बाबा... नाय, आवस बरी आसा. हय भायर उभी आसा... आयक. तुझ्या नावान माल इलो हा... पत्रातसून. व्हायरस तो. सावंतांक इचारलंय... नाय रे, रागान नाय सांगणय. तुझो नाय तो. माका ठावक आसा. नाव तुझा, पण माल तुझो नाय. तुका म्हायत नाय होता."

येथे ते थांबले. बूथवाल्याने आमच्याकडे पाहिले आणि रेडिओ बंद केला.

"दिगू," आबा म्हणाले. "तेव्हाय तुका म्हायत नाय होता."

पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. हा फोन नवा होता. आबा नुसते "हां... हां..." म्हणत राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी रिसीव्हर तार पुरेल तितका ताणून काकींच्या हाती दिला, आणि स्वतः बूथवरचा दरांचा फलक लक्षपूर्वक वाचू लागले. तो फलक मी वाचलेला आहे. त्यात लक्षपूर्वक वाचण्यासारखे काही नाही.

घरी आल्यावर त्यांनी ते पत्र न उघडता रीतसर नष्ट केले आणि शिपायाकडून सगळे यंत्र तपासून घेतले. त्यानंतर पत्तेवही उघडली. ती कोरीच होती.

"हय नाव खंय लिवतत?" त्यांनी विचारले.

मी नियमाकडे बोट दाखविले. नियम माझ्याच हातचा होता. दुरुस्ती करावयाची तर तशी नोंद करून खाली कारण लिहावे लागते, हे मी त्यांना समजावून सांगितले आणि खिशातले पेन काढले.

"कारण काय लिवू?"

"कारण ऱ्हांवदे," आबा म्हणाले. "नाव लिव."