टायरिक पेलम आणि सासरेबुवांची जागा

फुटबॉलमधलं, म्हणजे आमच्या हातानं खेळायच्या अमेरिकी फुटबॉलमधलं, मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये कुणाला कळत नाही! हे मी सासरेबुवांच्या तोंडावरही म्हणायचो. ऑक्टोबरात ते वारले. मग वाद घालायला उरला एकटा मेहुणा, ड्युएन.

वाद टायरिक पेलमवरून होता. एकवीस वर्षांचं पोरगं, यंदाच आमच्या संघात आलेलं, कॉर्नरबॅक. म्हणजे काम काय, तर समोरच्या गड्याला सावलीसारखं चिकटायचं आणि चेंडू त्याच्या हाती पडू द्यायचा नाही. टायरिक पळायचा झकास, चिकटायचाही. पण मान वळवून चेंडूकडे बघायचंच विसरायचा! चेंडू त्याच्या डोक्यावरून जायचा आणि सगळं मैदान कपाळावर हात मारायचं.

"घरी पाठवा त्याला," ड्युएन म्हणायचा. "किराणा दुकानात पिशव्या भरेल."

"अरे, पळणं रक्तात असावं लागतं, मान वळवणं शिकवता येतं! लिहून ठेव, हा पोरगा चमकणार!"

नुसता वाद असता तर ठीक होतं. पण सासरेबुवांची मैदानावरची जागा रिकामी झाली होती. सासूबाईंच्या शेजारची, मोसमभराच्या तिकिटाची! आमच्याकडे असं तिकीट मिळायला लोक तीस-तीस वर्षं थांबतात. बाळ झालं की आधी त्या यादीत नाव घालतात, बाप्तिस्म्याचं मग बघतात. ती जागा मलाही हवी होती आणि ड्युएनलाही.

शेवटी सासूबाई कावल्या. "आज ते पोर काय करतं बघू. चमकलं तर व्हर्नन, जागा तुझी, नाहीतर ड्युएनची. आणि आता तोंडं बंद करा दोघं!"

सामना परगावी होता, म्हणून आम्ही सगळे सासूबाईंच्या टीव्हीसमोर. पहिल्या दहा मिनिटांत टायरिक दोनदा फसला. मी सॉसेजं आणायला तळघरातल्या फ्रीजरकडे गेलो आणि वर जल्लोष! टायरिकनं चेंडू हाणून पाडला होता. मी धावत वर आलो, तर पुढच्याच खेळीत तो तोंडावर आपटला. मी मोहरीची बाटली आणायला गेलो, पुन्हा जल्लोष!

ड्युएन सोफ्यावरून उठला. "दाजी, पनवती तुम्ही आहात!"

"काहीतरीच काय!"

"अहो, जा ना खाली," माझी बायको मार्लिस म्हणाली. "तुमच्याच फायद्याचं आहे."

असल्या गोष्टींत आमच्याकडे कुणी विज्ञान काढत नाही. मागच्या वर्षी संघ जिंकत होता म्हणून ड्युएननं सबंध सामना एकाच पायात बूट घालून पाहिला होता. मी मुकाट्यानं खाली उतरलो.

तळघर सासरेबुवांचं. सहा आठवड्यांत कुणी कशाला हात लावला नव्हता. टेबलावर चष्मा तसाच. खुर्चीतल्या उशीला बसल्याचा खळगा. खिळ्याला त्यांचा चौकड्यांचा कोट. मी त्या खुर्चीत काही बसलो नाही. उभ्यानंच त्यांचा जुना रेडिओ लावला.

शेवटची काही मिनिटं उरली होती. चेंडू टायरिकच्या बाजूला निघाला. "मान वळव, गधड्या!" मी ओरडलो. "वळवली! पकडला! पकडला टायरिकनं!"

वर चिडीचूप.

टाळी नाही, पाऊल नाही. माझ्या अंगावर काटा आला. हा सामना मला एकट्यालाच ऐकू येत होता की काय? कोटाची बाही हळूच हलली. हलली, शप्पथ!

अर्ध्या मिनिटानं छत दणाणलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ड्युएननं टीव्ही इंटरनेटवर घेतला होता. ते चित्र अर्धं मिनिट उशिरा येतं, रेडिओ मात्र थेट! मी हसणार, इतक्यात भट्टीची गरम हवा वरच्या खोल्यांत नेणाऱ्या पत्र्याच्या नळातून थरथरता आवाज आला.

"एलरॉय? तूच का रे?"

सासूबाई! आणि एलरॉय म्हणजे सासरेबुवा. माझं ओरडणं त्या पत्र्याच्या नळांतून घोगरं होऊन खोल्यांच्या जमिनीतल्या जाळ्यांतून वर गेलं होतं.

भला माणूस तिथल्या तिथे वर गेला असता. मी रेडिओला कान लावला, चेंडू परत समोरच्यांकडे गेल्यावरची खेळी ऐकली आणि आवाज खोल काढला. "पुन्हा त्याच्याच बाजूला फेकतील... पोरगं हाणून पाडेल!"

अर्ध्या मिनिटानं वर किंकाळी फुटली. ड्युएन मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणू लागला! मी तोंडात टोपी कोंबून हसत होतो. मग नळातून सासूबाई अगदी हळू बोलल्या.

"एलरॉय, तिथं थंडी वाजते का रे? तुझा कोट इथंच राहिला."

मी टोपी तोंडातून काढली. फार लाज वाटली. मी रेडिओ बंद केला आणि सामना संपेपर्यंत जिन्यावर गप्प बसून राहिलो. मध्ये एकदा भट्टी आपोआप पेटली, सुस्कारा टाकून विझली. बाकी काही नाही.

आम्ही जिंकलो. मी वर गेलो, तर सगळे पांढरेफटक.

"आई, माफ करा," मी म्हटलं. "तो आवाज माझा होता. दोनदा बोललो, दोन्ही वेळा मीच. जागा ड्युएनला द्या."

"दोनदा?" ड्युएननं विचारलं. "आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा? मी तर रेडिओसुद्धा बंद केला होता!"

 मार्लिसनं माझा हात घट्ट धरला. सासूबाईंनी डोळे पुसले आणि गालात हसल्या.

"तिसऱ्यांदा तो म्हणाला, पोराबद्दल व्हर्नन बरोबर होता, जागा त्यालाच दे. फक्त त्याला सांग, जरा सरकून बसायला."

तर मंडळी, जागा माझी झाली! जागा म्हणजे पत्र्याच्या बाकावरची जेमतेम हातभर लांबी. त्यातल्या अर्ध्यावर मी असतो. मागची माणसं विचारतात, "अहो, एवढी जागा मोकळी असताना असे कडेला का लोंबकळताय?"

मी सांगतो, पाठीला बरं असतं.