तिळगूळ घ्या, खरं बोला

अनंता पेंटरशी माझी ओळख एका कार्डामुळे झाली. रेवदंड्याला शाळामास्तर म्हणून येऊन मला जेमतेम महिना झाला होता. संक्रांतीच्या सकाळी शेजारच्या खोलीतला हा काटकुळा माणूस दारात आला. त्याने माझ्या तळहातावर हलव्याचे चार दाणे ठेवले, वीतभर पुठ्ठ्याचं एक कार्ड दिलं आणि वळून चालू लागला. कार्डावर उगवता सूर्य होता, दोन होड्या होत्या आणि भोवती खरेखुरे तीळ चिकटवून काढलेली वेलबुट्टी होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तिळगूळ घ्या, खरं बोला. तुमची पेटी ऐकवत न्हाय.'

मी तेव्हा रोज पहाटे पेटीवर भूप वाजवत असे. तो भूप आहे हे निदान मला तरी ठाऊक होतं. त्या दिवसापासून माझी पेटी माळ्यावर आहे.

अनंताचा धंदा गलबतांवर आणि मचव्यांवर नावं रंगवण्याचा. खाडीतल्या निम्म्या होड्यांच्या कपाळी त्याचंच अक्षर होतं. कार्डं मात्र निव्वळ हौसेची. मार्गशीर्ष संपत आला की तो कापडाच्या दुकानातून ताग्यातले पुठ्ठे मागून आणी, ते कापी आणि होड्यांचाच उरलेला रंग घेऊन बसे. त्या रंगात मुशी माशाचं तेल असे. त्यामुळे कार्ड ज्या घरी जाई, त्या घरी मागोमाग गावातली मांजरंही जात. शिवाय रंग आठ-आठ दिवस वाळायचा नाही, आणि तिळाच्या वेलबुट्टीला दुसऱ्याच दिवशी मुंग्या लागायच्या.

बाजारात मुंबईची छापील कार्डं येऊ लागली होती. गुलाबाची फुलं, पोपटांची जोडी आणि सोनेरी 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. मी एकदा त्याला ती सुचवून पाहिली.

"तो मुंबईचा पोपट," अनंता म्हणाला, "त्याला मी वलखत न्हाय, तो मना वलखत न्हाय. तो कशाला माज्या वतीनं बोलंल?"

"बरं, पण 'गोड बोला' लिहायला काय हरकत आहे?"

"गोड तं सगला गाव वर्सभर बोलतोय, मास्तर. म्हनून तं कोनाच्या पोटात काय हाय ते कोनाला कलत न्हाय."

म्हणून त्याच्या प्रत्येक कार्डावर ज्याला त्याला लागू असं एक खरं वाक्य असे. वाण्याला त्याने लिहिलं, 'तुमच्या तिळात खडे.' भटजींना लिहिलं, 'मंत्र गाळता, आमी मोजतो.' दर संक्रांतीला अशी तीस-चाळीस कार्डं गावभर फिरत. हलवा लोक खात आणि मजकुरावरून दिवसभर धुमसत.

शेवटी एका वर्षी चार प्रतिष्ठित मंडळी त्याच्याकडे गेली. सगळ्यांसारखं गोड बोल, नाहीतर ही कार्डं बंद कर, असं त्यांनी बजावलं. अनंताने सगळं निमूट ऐकून घेतलं, चौघांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी चौघांच्याही घरी एकेक जादा कार्ड पोचलं: 'काल चहाची वाट बघत व्हता, ते कललं. पुढच्या येलेसबी न्हाय देनार.'

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "लावला रंग पुसनार न्हाय." कामात चूक झाली, रंग ओघळला, पुठ्ठ्यावर बोट उमटलं, तरी हा फडकं हातात घेत नसे. सूर्याला ओघळ आला तर त्याचा ढग करायचा, होडीला आला तर वल्हं. हे कार्डांपुरतं होतं तोवर ठीक होतं. पण याच वाक्यापायी त्याचा एकुलता एक दोस्त तुटला, आणि त्यात माझाही हात होता.

हा दोस्त म्हणजे खाडीपलीकडचा उस्मान नाखवा. लहानपणी दोघं एकाच मचव्यावर पाणी उपसायला होते. पुढे नाखव्याची स्वतःची गलबतं झाली, तरी त्यांवरची अक्षरं अनंताचीच. ईदेला तिकडून शीरखुर्मा यायचा, संक्रांतीला इकडून तिळगूळ जायचा. मी आलो त्याच वर्षी नाखव्याने नवा मचवा बांधला आणि त्याला आपल्या आईचं नाव द्यायचं ठरवलं: नूरबी. मचवा पाण्यात लोटायच्या दिवशी सगळे किनाऱ्यावर जमले होते. अनंताने रंगवलेलं नाव झळकत होतं, 'नुरबी'. मी नवा मास्तर, अंगात विद्या मावत नव्हती. भर लोकांत म्हणालो, "उकार दीर्घ हवा. हे अशुद्ध आहे."

नाखव्याला उर्दू वाचता यायचं, बालबोध लिपी येत नसे. पण 'अशुद्ध' हा शब्द त्याला बरोबर कळला. तो म्हणाला, "अनंता, माज्या अम्माचं नाव हाय. पूस नि नीट कर."

"लावला रंग पुसनार न्हाय."

"अम्माच्या नावासाठी बी न्हाय?"

नाखव्याने डांबराचा डबा उचलला आणि ते नाव स्वतःच्या हाताने काळं करून टाकलं. मचवा तसाच बिननावाचा पाण्यात गेला. त्यानंतर चार वर्षं शीरखुर्मा आला नाही आणि तिळगूळ गेला नाही. अनंताची बायको केव्हाच वारली होती, मूलबाळ नव्हतं. सणाच्या दिवशीही तो भात आणि सुके बोंबील करून एकटा जेवायचा आणि मी बोलावलं तर म्हणायचा, "मना कशाला दया दावता?"

चौथ्या वर्षी संक्रांत आणि रमजान ईद तीन-चार दिवसांच्या अंतराने आल्या. अनंता कार्डं रंगवत बसला होता. मला कुठून धीर आला कोण जाणे, पण मी म्हणालो, "अनंतराव, साऱ्या गावाला खरं बोलायला सांगता. त्या उकाराचं खरं तुम्ही कधी बोलणार?"

त्याने कुंचला खाली ठेवला. "मास्तर, घरी जावा," एवढंच म्हणाला. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्या संक्रांतीला मला कार्डही आलं नाही. ते न आल्याचं इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

ईदेची शाळेला सुटी होती. समेट करावा म्हणून मी किनाऱ्यावर गेलो. ओंडक्यांवर चढवलेल्या एका मचव्याखाली अनंता उताणा पडून तळाला रंग देत होता. डोळ्यांत थेंब पडू नयेत म्हणून त्याने तोंडावर पांढरं फडकं टाकलं होतं आणि नुसत्या हाताच्या अंदाजाने कुंचला चालला होता. बाहेरून फक्त त्याचे पाय दिसत होते. मी दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. मग मी त्या पायांशी हनुवटीला हात लावून बसून राहिलो.

इतक्यात वाळूतून धापा टाकत उस्मान नाखवा आला. ईदेचे कोरे कपडे, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, एका हातात लखोटा आणि दुसऱ्यात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने माझा चेहरा बघितला, ते पाय बघितले, वाकून ते फडकं बघितलं आणि मटकन खाली बसला.

"अनंता! अरे मी बी चुकलो रे! येका उकारासाठी चार वर्सं घालवली!"

मचव्याखालून आवाज आला, "मंग चार वर्सं बोलला का न्हाईस?"

नाखव्याची टोपी वाळूत पडली. अनंता सरपटत बाहेर आला. मग नाखव्याने लखोट्यातलं कार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर नाचवलं. "गाढवा! मंग ह्याचा कोपरा का कापलास?"

कार्डाचा वरचा उजवा कोपरा साफ कापलेला होता. आपल्याकडे कोणी गेल्याची बातमी पत्राने कळवायची तर पत्राचा कोपरा कापतात. नाखवा नमाज पढून घरी येतो तो दारात टपालवाला. लखोट्याला मुशीच्या तेलाचा वास, आत कोपरा कापलेला पुठ्ठा. रेवदंड्यात त्याचं दुसरं होतं कोण? त्याने पुढचं काही पाहिलंच नाही.

"तिथं पैल्यांदा नाव लिवलं," अनंता मान खाली घालून म्हणाला. "हाताच्या सवयीनं पुन्ना ऱ्हस्वच उमटला. पुसायचा न्हवता. म्हनून कापला."

नाखव्याने कार्ड माझ्याकडे दिलं. "मास्तर, तुमीच वाचा. तुमीच लावलेली आग हाय."

कार्डावर चंद्रकोर होती, तिच्याखाली मचवा आणि मचव्यावर नाव. त्यातला दीर्घ उकार एवढा लांबलचक काढला होता की त्याचं टोक पार पाण्यात बुडलं होतं. मी मोठ्याने वाचलं, "'ईद मुबारक. खरं बोलतो. मी चुकलो. नूरबी.'"

नाखव्याने कोऱ्या सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले. मग अनंताचं लक्ष त्या कापडाकडे गेलं. त्याने ते उलगडलं. आत हातभर चंदनाचं लाकूड होतं.

"ह्ये काय?"

"मलबारातनं आनलं व्हतं. तुज्यासाठी," नाखवा दुसरीकडे बघत म्हणाला. "तीन वर्सं झाली."

"तवा तं आपन बोलत न्हवतो."

"न्हवतो. पन तुज्या मागं हाय कोन? गाववाले चितेवर चार वल्या फाटी घालून मोकले झाले असते."

मी अनंताला रडताना कधी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी पाहिलं. मग त्याने ते लाकूड पुन्हा नीट कापडात गुंडाळलं आणि नाखव्याच्या हातात दिलं.

"तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. येल आली की तूच घेऊन ये. कोनाच्या हाती धाडू नको."

"नि मी आदी गेलो तं?"

"तू न्हाय जायचं," अनंता खेकसला. "सांगून ठेवतो."