खिडक्यांचा पेपर

धुळे शहरातील आणि शहराबाहेरील तमाम सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्राला खिडक्या असतात. काही चौकोनी, काही उभट, काही तर इतक्या प्रशस्त की त्यांना पडदे लावावेत. तिसरं पान उघडलं की त्यातून पाचवं पान दिसतं आणि पाचव्या पानातून समोर कांदा चिरणारी आमची सौभाग्यवती दिसते. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून मी दिवसभर राबतो आणि स्वतः मात्र सकाळी भोकांतून जग बघतो.

या खिडक्यांचे कारागीर म्हणजे आमचे शेजारी बागूल नाना. देवपुरातल्या आमच्या गल्लीत आमच्या दोन घरांत मिळून एक पेपर येतो. आधी नानांनी वाचायचा, मग मी, असा करार आहे. करारात कात्रीचा उल्लेख नव्हता, ही माझी चूक.

नाना मूळचे साक्रीकडचे. सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झाले. एकुलती एक मुलगी वैशाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्याला गेली आणि इकडे नानांनी तिच्यासाठी चालू घडामोडींच्या नोट्स काढणं हे जीवितकार्य म्हणून हाती घेतलं. बातमी कापायची, कोऱ्या कागदावर डकवायची, लाल पेनाने मथळे द्यायचे आणि दर शनिवारी गठ्ठा एसटीच्या पार्सलने पुण्याला रवाना करायचा.

आता चालू घडामोडींच्या कुठल्याही नोट्स उघडून बघा, त्यातले मथळे ठरलेले असतात. चर्चेत का? पार्श्वभूमी. आव्हाने. पुढील मार्ग. बाकीचे लोक हे मथळे पाठ करतात, नाना ते जगतात. सकाळी भेटलं की आपण 'काय भाऊ, बरं आहे ना' म्हणतो. नाना भुवया वर करून विचारतात, "चर्चेत का?"

एकदा वळणावर माझी स्कूटर घसरली आणि मी रस्त्यावर पालथा पडलो. नाना पिशवी घेऊन येत होते. माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"चर्चेत का?"

"पडलो, नाना."

"पार्श्वभूमी?"

"खड्डा."

"आव्हाने?"

"उठता येत नाहीये!"

"पुढील मार्ग?"

"अहो, हात द्या आधी!"

हात दिला. पण मला घरापर्यंत आणताना, खड्डा हा विषय स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये घ्यावा की पायाभूत सुविधांमध्ये, यावर माझं मत विचारत होते. माझं मत त्या वेळी गुडघ्यात होतं.

नाना आमच्याशी छापील मराठी बोलतात. 'संतुलित दृष्टिकोन आवश्यक आहे' हे वाक्य ते भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरूनही बोलतात. अहिराणी त्यांच्या तोंडून निघते ती फक्त ठेच लागल्यावर. "ओ माय वं!" असा आवाज आला की समजावं, उंबऱ्याला नानांचा अंगठा लागला. पुढच्याच क्षणी ते पुन्हा प्रमाणभाषेत.

या कात्रीने माझा एकदा असा घात केला आहे की त्याची कथा आमच्या सासुरवाडीत अजून सांगतात. बायकोच्या मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा झाला म्हणून आम्ही पेढ्यांचा किलोचा बॉक्स घेऊन जळगावला गेलो. दारात चपलांचा ढीग बघून मी म्हटलं, वा, बरीच मंडळी जमलीय. आत शिरताना मोठ्याने "अभिनंदन, अभिनंदन!" अशी आरोळीही ठोकली. आत सगळे पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसलेले. मुलीचे आजोबा वारले होते आणि सांत्वनाला येणाऱ्यांचं द्वारदर्शन चाललं होतं. बायकोने पेढे पदराखाली घेतले. मी पुढचा तासभर दुःखी चेहरा करून बसलो. तो चेहरा करणं अवघड गेलं नाही, कारण बायको माझ्याकडे बघत होती.

निधनाची बातमी पेपरात फोटोसह आली होती, असं तिथेच कळलं. परत येऊन मी तडक नानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे फाइल काढली, पानं उलटली, एक कात्रण उजेडात धरलं. पुढच्या बाजूला पाणथळ जागांचं संवर्धन, मागच्या बाजूला आजोबा.

"पाणथळ जागा सोडून चालत नाही," नाना म्हणाले. "दर वर्षी विचारतात."

"आणि हे मागचे गृहस्थ?"

नानांनी चष्मा वर करून आजोबांकडे नीट बघितलं. "यांच्यावर प्रश्न येण्याची शक्यता कमी."

या सगळ्यावर कळस म्हणजे संध्याकाळचा फोन. नानांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं म्हणजे तार ऑफिस होतं. वैशाली पुण्याला गेली तेव्हा सुरुवातीचे फोन मी या कानांनी ऐकले आहेत. "जेवलीस?" "हो." "ठेवतो." माझी शिंक याहून लांबते. मग एके दिवशी फोनवर पेपरातल्या बातम्या सुरू झाल्या आणि तार ऑफिसचं आकाशवाणी केंद्र झालं. रोज दिवेलागणीला नाना ओट्यावर खुर्ची टाकतात. कान जरा जड, म्हणून फोन स्पीकरवर. मग अख्ख्या गल्लीला रेपो दर, घटनादुरुस्ती, नवी क्षेपणास्त्रं आणि दुर्मीळ बेडूक ऐकावे लागतात. पलीकडून वैशालीचं "हं... हं... नाना, तो बेडकाचा मुद्दा परत सांगा ना." नाना बेडूक परत सांगतात. आमची मालिका बुडते. परवा बायकोने माझ्या वजनावर बोलताना पार्श्वभूमीपासून सुरुवात केली, तेव्हा मी खरंच घाबरलो.

यंदा वैशालीचा शेवटचा प्रयत्न होता. यंदा नाही जमलं तर परत यायचं आणि आत्या दाखवेल त्या स्थळाला हो म्हणायचं, असं ठरलं होतं. आत्याने स्थळांची फौज आधीच उभी केली होती. नानांचा मात्र ठाम समज, की पोरीच्या आणि त्या फौजेच्या मध्ये उभी आहे ती फक्त त्यांची कात्री. पूर्वपरीक्षा झाली, खिडक्या वाढल्या. मुख्य परीक्षा झाली, दारं पडली. मुलाखतीच्या आधी तर धुळ्याचं तापमानही कापून नेलं. "मुलाखतीत जिल्ह्याबद्दल विचारतात." माझ्या हाती पेपराची नुसती चौकट यायची. तिला खिळा ठोकला असता तर फोटो लावता आला असता.

आणि पोरगी पास झाली! नायब तहसीलदार. गल्लीत फटाके, आत्याच्या फौजेची माघार. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला आणि मी उघडून बघतो तो काय, अखंड! एकही भोक नाही. आत वैशालीचा फोटो, तोही जागच्या जागी. मी चहा घेत पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खा पेपर वाचला, शब्दकोडंसुद्धा सोडवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही अखंड. मी विजयी मुद्रेने नानांच्या ओट्यावर डोकावलो. नाना नुसते बसले होते. मी म्हटलं, "काय नाना, चर्चेत का?" ते म्हणाले, "काही नाही."

रविवारी मारुतीच्या देवळासमोर मांडव घालून सत्कार ठेवला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, सगळा थाट. वैशाली पुण्याहून आली होती. मी तिला बाजूला घेऊन खवचटपणे म्हटलं, "नानांच्या कात्रणांनी तारलं म्हणायचं तुला!"

ती हसली. "काका, क्लासची पीडीएफ सकाळीच येते फोनवर. संध्याकाळपर्यंत नानांची बातमी मला पाठ झालेली असते."

"मग रोज तासभर ऐकायचीस कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दुकानात चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो. आणि बट्टीवर तूप घ्यायला निघून गेली.

माइक माझ्याकडे होता. असा मोका मी सोडतो होय? घसा साफ करून म्हटलं, "मंडळी! चर्चेत का? आपली वैशाली. पार्श्वभूमी? आपले बागूल नाना. आव्हाने? भोकांतून पेपर वाचणारा हा गरीब शेजारी." मांडव हसून हसून लोळला. "आणि आता पुढील मार्ग. तो सांगतील स्वतः नाना!"

टाळ्या पडल्या. नाना उठले, माइक हातात घेतला, खिशातला भाषणाचा कागद काढला, चष्मा लावला. 'संतुलित दृष्टिकोन' येणार म्हणून आम्ही सगळे आधीच हसायच्या तयारीत. नानांनी कागदाकडे बघितलं, मग पहिल्या रांगेत बसलेल्या लेकीकडे बघितलं. कागद तसाच हातात राहिला. उंबरा नव्हता, ठेच नव्हती, आणि तरी अख्ख्या देवपुराला ऐकू जाईल अशा आवाजात नाना बोलून गेले,

"पन माय, आते तू माले रोज फोन कसाले करशी?"