कवडू कंडक्टरची डबल बेल

विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच ज्योत्स्नाने सगळं पक्कं ठरवून टाकलं होतं. नागपूरहून थेट केळझर गाठायचं, बाबांना पुढच्या सीटवर बसवायचं, बोर धरणावर न्यायचं आणि तिथे पाण्याकाठी, निवांत, डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं. बाबांच्या पोटातली गाठ पसरली होती. आता ऑपरेशन होणार नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात कडू बातमी गोड करून सांगायची तर ज्योत्स्नानेच, अशी तिची ख्याती होती. मग ही एवढी एक बाबांना सांगता येणार नाही होय?

काउंटरवरच्या टायवाल्या पोराने दोनदा बजावलं, "मॅडम, प्रवासी बसवायचे नाहीत. जनावर तर अजिबात नाही. गाडी कुठे थांबते ते आम्हाला इथे दिसतं."

"आम्ही अडीच माणसं आहोत हो," ती म्हणाली. अर्धं माणूस म्हणजे तिची दीड वर्षाची लेक, स्वीटी. ती त्या वेळी त्याचा टाय चोखत होती.

एक गोष्ट मात्र ज्योत्स्नाने धरलीच नव्हती. बाबा म्हणजे कवडू कंडक्टर. उभी हयात एसटीत गेलेली. दुसऱ्याचं लेकरू रडलं तरी ओल्या बाळंतिणीला पान्हा फुटावा, तसं रस्त्याकडेला माणूस उभा दिसला की बाबांचं व्हायचं.

केळझरला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. शर्टात बाबा कमी आणि इस्त्रीच जास्त होती. ज्योत्स्नाने त्यांचा सीटबेल्ट लावला, तर तो आवळून आवळून संपेचना.

"धरणाची गाडी मी लय वर्षं नेली," बाबा म्हणाले. "पन पोचलो का लगेच वळवा लागे. पानी काई पाह्यलं नाई."

"आज पाहू. बाबा, मला तुम्हाला एक..."

"थांब, थांब. बाई उभी हाय."

सेलूच्या फाट्यावर बाबांच्या एसटीतली जुनी प्रवासी तानाबाई उभी होती. बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून तिच्याशी काहीतरी कुजबुज केली आणि पुढच्या क्षणी तानाबाई मेथीच्या गाठोड्यासकट आत.

"पाटीवर पिवळे आकडे दिसले, मी म्हटलं भाड्याचीच हाय," ती ऐसपैस बसत म्हणाली. तिने स्वीटीला मांडीवर ओढलं आणि बाबांना निरखलं. "लय बारीक झाले जी, कंडक्टरभाऊ."

ज्योत्स्नाने घाईने गाडी पुढे काढली.

"डायटिंग करून राह्यलो," बाबा म्हणाले.

मैलभर पुढे गेल्यावर ज्योत्स्नाने आवाज खाली आणला. "बाबा, त्या दिवशी सेवाग्रामला डॉक्टर मला..."

"थांब. शाळेच्या पोरी हायेत."

दप्तरांसकट दोन पोरी आल्या. "सरका, आतमधी सरका, मंधात जागा हाय," बाबांनी मागे वळून फर्मावलं. किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज पोटातून निघाला. त्याच पोटातून, ह्या विचाराने ज्योत्स्नाला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला.

"बाबा..."

"नत्थू होय तो. थांब."

"त्यांच्याकडे बकरी आहे!"

"मंग? तिले काय पैदल पाठवू?"

बकरी नत्थूच्या पायांपाशी मावली. निदान पुढचा अर्धा भाग तरी मावला. तेवढ्यात फोन वाजला. टायवाला होता. "मॅडम, गाडी फार ठिकाणी थांबतेय. सगळं ठीक आहे ना?"

बकरी ओरडली.

"ते काय होतं, मॅडम?"

"माझी मुलगी," ज्योत्स्ना म्हणाली. "दात येतायत तिला."

हिंगणीला नत्थू आणि बकरी उतरले. बकरीने आपली आठवण सीटखाली ठेवली होती. पोरी धरणाच्या अलीकडे उतरल्या. मागे फक्त तानाबाई उरली आणि तिच्या मांडीवर स्वीटी. दोघी तोंडं उघडी टाकून घोरत होत्या. समोर पाणी होतं. ज्योत्स्नाने गाडी बंद केली. बाबा खूप वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

"मोठं हाय हो," ते म्हणाले.

ज्योत्स्नाने श्वास घेतला. "बाबा, मी सकाळपासून..."

"तानाबाईचं घर सेलूतच हाय," बाबा म्हणाले. "तिले कुठीच जाचं नवतं. मीच म्हटलं, बस, धरण पाहून येजो."

"काऊन?" पुण्यात इतकी वर्षं काढूनही 'का'ऐवजी नेमका इकडचाच शब्द तिच्या तोंडून आला.

"तू सकाळपासून तोंड उघडून राह्यली होती. भरल्या गाडीत तू बोलत नाई, मले मालूम हाय." त्यांनी शर्टाची सैल कॉलर उगाच नीट केली. "डॉक्टरनं मले आत ठेवलं अन् तुले बायेर बोलावलं. तवाच समजलं. तुह्या तोंडून आयकाचं नवतं, बेटा. आयकलं असतं, तं मले तुले सांभाळा लागलं असतं."

ज्योत्स्ना स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. हॉर्न वाजला. स्वीटी दचकून जागी झाली आणि तिनेही भोकाड पसरलं. बाबांनी एक हात लेकीच्या पाठीवर ठेवला, दुसरा मागे करून नातीच्या पायावर.

"झालं का रडून?" मागून तानाबाईचा स्वच्छ, जागा आवाज आला. "मंग मले सेलूले सोडा. म्हैस पान्हवली असंन."

बाबांनी काचेवर दोनदा टकटक केलं. टण टण. डबल बेल, म्हणजे गाडी सोडायची.

ज्योत्स्नाने डोळे पुसून गाडी वळवली. पहिल्याच फाट्यावर एक म्हातारा कोंबडीचं टोपलं घेऊन हात वर करून उभा होता. बाबांनी तोंड उघडायच्या आत तिने ब्रेक दाबला आणि मागे वळून म्हणाली,

"तानाबाई, सरका. आतमधी सरका."