दोन दगडांमधला रस्ता

शनिवारी मोठ्या साहेबांची मोटार येणार आणि रस्त्यात चार हात रस्ताच नाही, हे धुळाप्पा मुकादमाच्या सोमवारी सकाळी ध्यानात आलं.

रस्ता होटगीच्या अलीकडच्या मुद्देवाडीचा. गावानं वीस वर्षं अर्ज केल्यावर तो मंजूर झाला होता, आणि तोही मोठ्या थाटात. सरकार आणि लोकल बोर्ड यांनी हातात हात घालून तो करायचा असं ठरलं होतं. सोलापूरच्या बाजूनं सरकारी बांधकाम खात्यानं खडी टाकत यायचं, गावाच्या बाजूनं बोर्डानं टाकत जायचं, आणि मध्ये हद्दीच्या दगडापाशी दोघांनी भेटायचं. दोन्ही कचेऱ्या शिस्तीच्या. दोघींनीही आपापल्या साखळ्यांनी रस्ता मोजला आणि आपापला दगड पुरला. त्या दोन दगडांत चार हातांचं अंतर पडलं, ते कुणाच्याच कागदावर नव्हतं.

दोन्हीकडून रस्ता खडी-मुरमानं उचलून घेतलेला, त्यामुळे मधली जमीन दीड वीत खाली राहिली होती. धुळाप्पा आपल्या दगडापाशी उभा राहून त्या खळग्याकडं बघत होता. पलीकडच्या दगडापाशी सरकारी मुकादम मौलाली उभा होता. तोही तेच बघत होता.

"मौलालीभाई, हे कुणाचं वो?"

"मला वाटलं तुमचं हाय."

"आमचा दगड ह्यो हितं."

"आन आमचा ह्यो." मौलालीनं दाढी खाजवली. "या अल्ला! मग मधलं कुणाच्या बापाचं?"

खरं म्हणजे मौलालीला एवढी काळजी करायचं कारण नव्हतं. तो सरकारी नोकरीत कायम होता. मोटार आदळली तर त्याला चार शिव्या बसल्या असत्या, एवढंच. धुळाप्पाची गोष्ट वेगळी होती. तो बोर्डात अकरा वर्षं हंगामी होता. पावसाळा लागला की बोर्ड त्याला घरी बसवी, आणि घरी बसून भागत नाही म्हणून तो चार महिने मेहुण्याची मेंढरं राखायला जाई. मेहुणा बिरप्पा जेवायला पोटभर घाली, पण भाकरी वाढताना रोज विचारी, "काय दाजी, यंदा तरी कायम झालासा का?" मेंढरांचा धुळाप्पाला त्रास नव्हता. त्या प्रश्नानं मात्र त्याची निम्मी भाकरी ताटातच राहायची.

यंदा बोर्डाचे ओव्हरसियर मंगरुळे रावसाहेब स्वतः म्हणाले होते, "धुळाप्पा, साहेबांच्या मोटारीला मुद्देवाडीपर्यंत एक धक्का बसला नाही, तर तुझं नाव कायमच्या यादीत घालतो." ते ऐकून त्याची बायको मायाक्का हिनं गाठीला ठेवलेल्या पैशांतून नवा पटका आणला होता. तो खुंटीवर टांगलेला होता आणि शनिवारची वाट बघत होता.

धुळाप्पा तडक मंगरुळ्यांकडं गेला. "रावसाब, चार पाट्या मुरूम टाकला की झालं बगा. हुकूम द्या फकस्त."

मंगरुळे खुर्चीत दचकले. "वेडा की खुळा तू? बोर्डाचा मुरूम बोर्डाच्या दगडापलीकडं? हिशेबतपासणीला मी काय उत्तर देऊ? एक खडा जरी पलीकडं गेला तरी याद राख. मी सरकारी कचेरीला पत्र लिहितो."

त्यांनी पत्र लिहिलं. त्याच दिवशी सरकारी ओव्हरसियरनंही बोर्डाला पत्र लिहिलं. दोन्ही पत्रं एकाच टपालवाल्याच्या थैलीत शेजारी शेजारी बसून आपापल्या मुक्कामी पोचली. दोन्हींत मजकूर एकच होता: मधली जागा बहुधा आपली असावी, तरी आपण ती भरून घेतल्यास आमची काही हरकत नाही. बुधवारी दोन्हीकडून उलट टपाली आभार आले. एकमेकांविषयी एवढा आदर दोन कचेऱ्यांत पूर्वी कधी दिसला नव्हता. खळगा होता तिथंच होता.

गुरुवारी दुपारी धुळाप्पानं मनाचा हिय्या केला. मौलाली सोलापूरला गेला होता, शेतातली माणसं सावलीला आडवी झाली होती. त्यानं मायाक्काला हाक मारली. दोघांनी बोर्डाच्या उरलेल्या ढिगातला मुरूम पाट्यांनी वाहून खळगा काठोकाठ भरला, वर पाणी मारलं आणि धुम्मसानं ठोकून असा सपाट केला की वर ठेवलेला तांब्या हलला नसता. हे सगळं एकटी चंद्रव्वा बघत होती. ती दगडांजवळच्या लिंबाखाली ताक आणि भाकरी विकायची.

"चंद्रव्वा, तुला सिद्धरामाची आण हाय. मी हितं मुरूम टाकला हे कुणाला म्हंजी कुणाला बी सांगू नगं. सरकारच्या हद्दीत हात घातला म्हून माझी हाय ती बी नोकरी जाईल."

"मी कशाला सांगू? माझं ताक बरं आन मी बरी," चंद्रव्वा म्हणाली.

धुळाप्पा घरी गेला आणि कधी नव्हे तो आडवा पडताच झोपला.

इकडं मौलालीच्या जिवालाही चैन नव्हतं. धुळाप्पा त्याचा जुना दोस्त; चार हातांपायी त्याचं कायमपण जावं हे त्याला बघवेना. सोलापूरहून निघण्याआधीच त्यानं दोन गाडीवानांना सांगून ठेवलं होतं, "शुक्रवारी सकाळी उजाडताच दोन दगडांच्या मधी तीन गाड्या मुरूम टाका. कुणाला सांगू नका." आणि गुरुवारी संध्याकाळी गावात परतताना तो वाट वाकडी करून चंद्रव्वाच्या घरी गेला आणि त्यानं तिलाही गळ घातली.

"चंद्रव्वा, तुझ्या सिद्धरामाची शप्पथ हाय. उद्या माझ्या गाड्या येतील, त्या कुणाच्या ते धुळाप्पाला पण सांगू नको. त्याला वाटेल मी उपकार केला."

"बरं बाबा," म्हातारी म्हणाली. तिच्या पोटात आता दोन शपथा होत्या आणि तिला त्या सारख्याच जड होत्या.

गाडीवान हुकमाचे पक्के. शुक्रवारी उजाडताच त्यांना दोन दगडांच्या मध्ये तीन गाड्या मुरूम टाकायचा होता, तो त्यांनी टाकला. तिथं आधीच सपाट रस्ता आहे हे त्यांना दिसलं, पण खळगा आहे की नाही ते बघा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी धुळाप्पा येऊन बघतो तर रस्त्यात म्हशीच्या पाठीएवढा उंचवटा!

"आरं देवा! पानी जास्त झालं. मुरूम फुगला की रं," तो मनाशीच म्हणाला. मुरूम फुगत नाही हे अकरा वर्षांत तो शंभर जणांना सांगून चुकला होता, पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचं शहाणपण आठवत नाही. थोड्या वेळानं मौलाली आला. त्यालाही उंचवटा दिसला आणि वाटलं, आपल्या आधीच कुणीतरी खळगा भरला होता आणि आपल्या तीन गाड्या वर जास्तीच्या झाल्या. दोघे एकमेकांकडं बघून कसनुसं हसले.

"रस्ता झकास हाय," मौलाली म्हणाला.

"व्हय, लई झकास," धुळाप्पा म्हणाला.

त्या दिवशी जुम्मा होता. मौलाली नमाजासाठी होटगीच्या मशिदीत निघाला आणि जाताना गाडीवानांना हळूच सांगून गेला, "दुपारी उन्हं कलली की हितला तीन गाड्या मुरूम उचला." त्याची पाठ वळताच धुळाप्पानं मायाक्काला पुन्हा पाटी घ्यायला लावली. उंचवटा काढता काढता काल टाकल्या होत्या तेवढ्याच पाट्या निघाल्या. रस्ता पुन्हा सपाट झाला, धुळाप्पानं तो ठोकून घेतला आणि दोघं नवराबायको घामाघूम होऊन घरी गेली. घरी गेल्यावर त्यानं पटका बांधून बघितला. मायाक्का म्हणाली, "अवो, सायबापरास तुमीच सायेब दिसतायसा." धुळाप्पा लाजला, पण पटका त्यानं तासभर काढला नाही.

उन्हं कलल्यावर गाडीवान आले. रस्ता सपाट होता, पण हुकूम हुकूम असतो. त्यांनी तीन गाड्या मुरूम उचलला आणि तळची मातीसुद्धा नीट झाडून नेली.

शनिवारी सकाळी धुळाप्पा नवा पटका बांधून आला आणि दगडापाशी मटकन खाली बसला. खळगा सोमवारी होता त्याहून खोल झाला होता. मौलालीही आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"धुळाप्पा, कसम से, मी फक्त माझाच मुरूम उचलला!"

"तुमचा? तुमचा कुठला? मुरूम माझा व्हता! मी माझाच काढला!"

दोघांनी एकदम लिंबाकडं बघितलं. चंद्रव्वा ताकाच्या मडक्याआड तोंड लपवत होती.

"चंद्रव्वा, तू सगळं बघत व्हतीस?"

"बघत व्हते की! पर तुमी दोघांनी बी सिद्धरामाची आण घातली. येकाची मोडू का दुसऱ्याची?"

रागवायलाही वेळ नव्हता. मोटार यायला अर्धा तास राहिला होता. धुळाप्पा पटक्यासकट खळग्यात उतरला, मौलाली पाट्या देऊ लागला, आणि आठवड्यात पहिल्यांदाच दोघं एकाच वेळी एकाच बाजूनं काम करू लागले. खळगा निम्मा भरला असेल नसेल, तेवढ्यात एका बाजूनं मंगरुळे आले आणि दुसऱ्या बाजूनं सरकारी ओव्हरसियर.

"थांबा! हा मुरूम कुणाचा?" मंगरुळे ओरडले.

"बोर्डाचा असेल तर सरकारी हद्दीत नको," सरकारी ओव्हरसियर म्हणाले.

"आणि सरकारी असेल तर आम्हांला उगाच उपकार नकोत!"

दोघांनी आपापले नकाशे काढले आणि खळग्याच्या दोन काठांवर उभे राहून वाचायला सुरुवात केली. नकाशे एवढे मोठे होते की मोटार दिसायच्या आधी आवाज आला, आणि आवाजापाठोपाठ मोटारच आली. पुढची दोन चाकं खळग्यात गेली. आतून साहेबांची हॅट उडून चंद्रव्वाच्या भाकऱ्यांवर पडली. चाकांपासून हातभर अंतरावर धुम्मस हातात घेऊन धुळाप्पा उभा होता. मोटारीला बसलेला धक्का त्याला आधी छातीत जाणवला. अकरा वर्षं गेली, असं त्याला वाटलं, आणि बिरप्पाची मेंढरं डोळ्यांपुढं दिसली.

साहेब देशी होते, वयस्कर होते, आणि कपाळाला टेंगूळ आल्यामुळे अर्धेमुर्धे संतापलेले होते. ते उतरून खळग्यातच उभे राहिले.

"हा खड्डा कोणाचा?"

"आमच्या हद्दीत नाही, साहेब," दोन्ही ओव्हरसियर एका सुरात म्हणाले.

साहेबांनी दोन्ही दगड बघितले. दोन्ही नकाशे बघितले. मग आपल्या बुटांकडं बघितलं. "सरकारच्या हद्दीत नाही, बोर्डाच्या हद्दीत नाही. मग आत्ता मी कुठं उभा आहे?"

दोन्ही ओव्हरसियर पुन्हा नकाशे चाळू लागले. चंद्रव्वा हॅट झटकत पुढं आली आणि एक वाटी ताक साहेबांपुढं धरलं. "माझ्या लिंबाच्या सावलीत उभे हायसा, सायेब. प्या."

साहेब प्याले. आणखी एक वाटी प्याले. मग बोर्डाच्या दगडावर बसून हसायला लागले, ते थांबेचनात. ओव्हरसियरांनाही हसावं लागलं. हसू ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, "या जागेकडं बघायला एकही माणूस नाही?"

"खड्ड्यात उभा हाय त्यो येकटाच बघतो, सायेब," मौलाली पटकन म्हणाला. "अकरा वर्सं हंगामी हाय."

"लिहा," साहेब आपल्या कारकुनाला म्हणाले, "सरकार आणि बोर्ड यांनी अर्धा अर्धा पगार देऊन इथं एक कायम माणूस नेमावा. हाच माणूस नेमावा."

धुळाप्पाला नीट कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं नव्या पटक्यानंच डोळे पुसले. त्याला त्याची मुळीच लाज वाटली नाही. मायाक्कानं गावभर गूळ वाटला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मंगरुळ्यांनी तो वाचून दाखवला. "सदर खड्ड्याच्या व्यवस्थेसाठी, सदर खड्डा अस्तित्वात असेपर्यंत, एक कायम इसम नेमण्यात येत आहे. बोर्ड आपला अर्धा पगार खड्डा भरण्याबद्दल देईल. सरकार आपला अर्धा पगार खड्डा राखण्याबद्दल देईल."

धुळाप्पा तोवर खड्डा सुरेख भरून मोकळा झाला होता. मौलालीनं कपाळाला हात लावला. "भरलास? अरे, खड्डा गेला की तू पण गेलास!"

दोघांनी चंद्रव्वाच्या लिंबाखाली बसून बराच विचार केला आणि वाट निघाली. बोर्डाचे ओव्हरसियर मंगळवारी यायचे. खड्डा नीट भरलेला आहे असा शेरा मारायचे आणि ताक पिऊन जायचे. सरकारी ओव्हरसियर शुक्रवारी यायचे; खड्डा जागेवर आहे असा शेरा मारायचे आणि ताक पिऊन जायचे. दोघांच्याही वह्या स्वच्छ होत्या. पावसाळा लागला तसा बिरप्पाचा सांगावा आला, तेव्हा मायाक्कानं उलट निरोप धाडला की आता त्यांना सवड नाही, सरकार आणि बोर्ड दोघंही त्यांच्यावर अवलंबून आहेत.

असाच एका शुक्रवारी सकाळी धुळाप्पा दोन दगडांमध्ये सुतळी ताणून, कडा वेड्यावाकड्या होऊ नयेत म्हणून जपून कुदळ मारत होता. बाजाराला निघालेला एक परका गाडीवान बैल थांबवून बघत राहिला. त्याला राहवेना.

"अवो मुकादम, चांगला रस्ता हाय, उकरतायसा कशापायी?"

धुळाप्पानं वर बघितलं नाही. सुतळी जरा डावीकडं सरकवली.

"कायम झालोय न्हवं का," तो म्हणाला.